बनाना ब्रेड: पाककृती तीच, मग दर वेळी वेगळा का होतो?

तुमचा प्रश्न असा: महिन्याभरात चार वेळा बनाना ब्रेड केला. पाककृती तीच, ओव्हन तोच, टिनही तोच. दोनदा सुरेख झाला आणि दोनदा वरून गडद तपकिरी, आत मात्र गिच्च. वर घरचे म्हणतात, हे काही खरं बेकिंग नव्हे, नवशिक्यांचा पदार्थ आहे. तर चूक कुठे होते, आणि घरच्या बेकिंगमध्ये बनाना ब्रेडला नेमकी काय जागा आहे?

दोन्हीचं उत्तर केळ्यातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी बरीच वर्षं घरगुती बेकिंग शिकवते आहे. बिघडलेल्या बनाना ब्रेडच्या जितक्या तक्रारी ऐकल्या, त्यातल्या बहुतेक ‘तीन पिकलेली केळी’ या शब्दांपाशी येऊन थांबतात. मैदा आपण कपाने मोजतो, सोडा चमच्याने मोजतो, आणि सगळ्यात जड, सगळ्यात पाणीदार जिन्नस मात्र नगावर टाकतो. लहान केळं सोललं की साधारण १०० ग्रॅम गर निघतो, मोठ्या केळ्यातून १५० ग्रॅमपर्यंत. म्हणजे ‘तीन केळी’ ३०० ग्रॅमही असू शकतात आणि ४५० ग्रॅमही. केळ्याच्या गरात तीन चतुर्थांश पाणी असतं. या १५० ग्रॅमच्या फरकात ११० ग्रॅमच्या आसपास पाणी दडलेलं असतं, जवळपास अर्धा कप! मोजूनमापून केलेल्या मिश्रणात कुणी अर्धा कप पाणी ओतून गेलं, तर जे व्हायचं तेच तुमच्याकडे दोनदा झालं असावं. तुम्ही पाककृती बदलली नाहीत हे खरं, पण केळ्यांनी ती बदलली.

तेव्हा पहिली गोष्ट, घरात वजनकाटा ठेवा आणि सोललेल्या केळ्याचा गर तोला. बनाना ब्रेडमध्ये मी एकाच गोष्टीबद्दल हट्टी आहे, ती ही.

दुसरा फरक पिकण्याचा. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो. केळं पूर्ण पिकेपर्यंत तो एक-दोन टक्क्यांवर येतो, बाकीच्याची साखर झालेली असते. हे काम केळ्यातलीच विकरं (एन्झाइम) करतात आणि त्यांना चालना देणारा इथिलीन वायूही केळं स्वतःच सोडतं. म्हणूनच कागदी पिशवीत तोंड दुमडून ठेवलेली केळी लवकर पिकतात. सोबत एखादं सफरचंद ठेवलं तर आणखी लवकर, कारण तेही इथिलीन सोडतं. साखरेबरोबर वासही तयार होत असतो. ज्याला आपण ‘केळ्याचा वास’ म्हणतो त्यात मोठा वाटा आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या एका सुगंधी संयुगाचा. पिवळ्याधमक, डाग न पडलेल्या केळ्याचा ब्रेड फिका लागतो तो यामुळेच. त्यात साखर वाढवून गोडी आणता येते, वास आणता येत नाही.

मी कोणतं केळं घेते ते सांगते. साल निम्म्याहून जास्त काळी झालेली, हातात घेतल्यावर केळं जड आणि मऊ, पण सोलल्यावर गर अजून मलईच्या रंगाचा. मधे एखाद-दुसरा तपकिरी ठिपका असला तर हरकत नाही. काट्याने दाबलं की गर कुस्करला जातो, जोर लावावा लागत नाही. याच्या पुढची पायरी म्हणजे साल पूर्ण काळी, फुटून रस गळतोय आणि आंबूस, दारूसारखा वास येतोय. ते केळं बनाना ब्रेडलाही नको. ‘बनाना ब्रेडमध्ये काहीही खपतं’ हा समज मला अजिबात मान्य नाही. बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून बाकीचं वापरणंही नको, इतक्या मऊ फळात ती दिसते त्याहून आत गेलेली असते.

घाईसाठी केळी सालीसकट ओव्हनमध्ये भाजून काळी करायची युक्ती तुम्ही ऐकली असेल. साल काळी होते, गर मऊ होतो, पण पाच दिवसांत होणारं काम वीस मिनिटांत होत नाही. उष्णतेने विकरंच निकामी होतात आणि स्टार्चची साखर व्हायची तिथेच थांबते. तेव्हा ही युक्ती फक्त आधीच ठिपके पडलेल्या केळ्यांसाठी ठेवा. त्यापेक्षा उलट बाजूने विचार करा. केळी हवी तशी पिकली की सोलून, वजन करून, ३५० ग्रॅमच्या पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाका. गोठताना बर्फाचे स्फटिक गराच्या पेशी फोडतात, त्यामुळे वितळल्यावर बराच पातळ रस सुटतो. तो ओतून देऊ नका, वासाचा मोठा भाग त्यातच उतरलेला असतो. छोट्या पातेल्यात तो निम्मा होईपर्यंत आटवा, गार करा आणि गरात परत घाला. असा ब्रेड ताज्या केळ्यांच्या ब्रेडपेक्षा जास्त केळ्याचा लागतो. वेळ असेल तेव्हा मी मुद्दाम असाच करते.

आता गिच्चपणाकडे येते. केक ‘शिजतो’ म्हणजे काय होतं? मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि अंड्यातली प्रथिनं घट्ट होतात. सोड्याने फुगवलेले बुडबुडे या दोघांच्या भिंतींत अडकून राहतात आणि जाळी तयार होते. पाणी प्रमाणाबाहेर असेल तर त्या भिंती उभ्या राहत नाहीत. साखर प्रमाणाबाहेर असेल तर आणखी एक अडचण येते: साखर पाणी स्वतःकडे ओढते आणि स्टार्चला फुगायला जास्त तापमान लागतं. जास्त पिकलेलं केळं एकाच वेळी गोडही असतं आणि गराची घडण सैल झाल्याने पातळही. म्हणजे दोन्हीकडून भर पडते. म्हणून केळी फारच पिकलेली असली की मी पाककृतीतली साखर २० ते ३० ग्रॅम कमी करते आणि ओव्हनमध्ये पाच-सात मिनिटं जास्त धरते.

तळाशी बोटभर जाडीचा, खरवसासारखा गच्च थर बसत असेल तर तीन ठिकाणी बघा: गराचं वजन, मैद्याचं वजन आणि ओव्हनचं खरं तापमान. मैदा कपाने घेताना हलक्या हाताने भरला तर १२० ग्रॅम बसतो, पिशवीत कप खुपसून दाबून घेतला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. दोन कपांत मिळून ६० ग्रॅमचा फरक पडतो. तुमचे जे दोन ब्रेड चांगले झाले, त्यात कदाचित जास्तीच्या केळ्याला जास्तीच्या मैद्याने सांभाळून घेतलं असेल.

ओव्हनचं मी स्वतः भोगलं आहे. माझ्या पहिल्या ओव्हनची खुंटी १७५ अंशांवर ठेवली की आत प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास तापमान असायचं. वर्षभर मी पाककृतींना दोष दिला. मग आत ठेवायचा साधा थर्मामीटर आणला आणि पहिल्याच दिवशी कोडं सुटलं. वरून करपणं आणि आतून गिच्च राहणं, या जोडीमागे बहुतेक वेळा ओव्हन वाजवीपेक्षा गरम असतो किंवा टिन लहान असतो. टिनबद्दल एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. ९ बाय ५ इंचांच्या लोफ टिनमध्ये साधारण ८ कप मावतात आणि साडेआठ बाय साडेचार इंचांच्या टिनमध्ये ६ कप. कडेकडेने अर्ध्या इंचाचा फरक डोळ्यांना जाणवतही नाही, पण त्याच मिश्रणाची उंची लहान टिनमध्ये इतकी वाढते की मधल्या भागापर्यंत उष्णता पोचायला पंधराएक मिनिटं जास्त लागतात. तोवर कडा वाळून गेलेल्या असतात. टिनचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग कधीच भरू नका. उरलेल्या मिश्रणाचे मफिन होतात, ते वीस-बावीस मिनिटांत तयार.

झालं की नाही हे सुरी खुपसून बघण्यात एक फसगत आहे. सुरी केळ्याच्या गाठीतून गेली तर ब्रेड पूर्ण भाजलेला असूनही ती ओली येते, आणि जाळीतून गेली तर आतला भाग कच्चा असूनही स्वच्छ येते. दोन-तीन ठिकाणी तपासा. त्याहून चांगलं म्हणजे प्रोब थर्मामीटर मध्यभागी खुपसा. ९४ ते ९६ अंश सेल्सिअस दाखवला की ब्रेड झाला.

आता प्रमाण देते, ९ बाय ५ इंचांच्या टिनसाठी. सोललेल्या केळ्याचा गर ३५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम (ब्राउन शुगर असेल तर उत्तम, तिच्यातल्या काकवीने रंग आणि ओलावा दोन्ही वाढतं), वितळवलेलं बटर ११५ ग्रॅम किंवा बिनवासाचं तेल १०० ग्रॅम, दोन अंडी, ५ मिलिलिटरच्या चमच्याने एक सपाट चमचा बेकिंग सोडा आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वगळू नका, ते नसलं की केळ्याची गोडी एकसुरी लागते. ओव्हन १७५ अंशांवर आधी नीट तापवून घ्या, पंख्याचा असेल तर १६०. एका मोठ्या भांड्यात केळी कुस्करा. मी थोड्या गाठी ठेवते, मिक्सरमधून काढत नाही. मिक्सरमधल्या गुळगुळीत गराचा ब्रेड चवीला बरा लागतो पण पोत घट्ट येतो. त्यात साखर, बटर, अंडी घालून चांगलं फेटा, इथे हात राखायची गरज नाही. मैदा, सोडा, मीठ वेगळं चाळून घ्या, कारण सोड्याची एक गाठ राहिली तर खाताना ती बरोबर जिभेवर येते. मग कोरडं ओल्यात घाला.

यापुढचं अर्धं मिनिट सगळ्यात नाजूक. शिकवताना मी एक प्रयोग करून दाखवते. एकाच मिश्रणाचे दोन भाग करायचे. एका भागात मैदा घालून उलथन्याने पंधरा-सोळा वेळा खालून वर घ्यायचं आणि थांबायचं, एखादी पांढरी रेघ दिसत असली तरी. दुसरा भाग गुळगुळीत होईपर्यंत फेटत राहायचं, ऐंशी-नव्वद फेरे. दोन्ही सारख्या टिनमध्ये, शेजारी-शेजारी भाजायचे. बाहेर काढल्यावर दुसरा जास्त गुळगुळीत आणि टोकदार दिसतो, बघणारे हमखास त्याच्याकडेच बोट दाखवतात. मग कापायचे. पहिल्याची फोड मऊ, जाळी बारीक आणि विस्कटलेली. दुसऱ्यात खालून वर गेलेली लांबट बोगद्यांसारखी भोकं आणि त्यांच्या आजूबाजूला चिवट, रबरासारखा भाग. मैद्यातली प्रथिनं पाणी मिळाल्यावर आणि घुसळल्यावर ग्लुटेनचे धागे विणतात. पावात आपल्याला हेच हवं असतं, इथे नको असतं. वायूला वर जायला वाट मिळत नाही, मग तो कोंडून बोगदे करतो. शंभर वेळा ‘जास्त ढवळू नका’ सांगून जे पोचत नाही ते या दोन फोडी शेजारी ठेवल्या की पोचतं. तुम्हीही एकदा अर्ध्या-अर्ध्या प्रमाणात करून बघा.

मिश्रण टिनमध्ये ओतल्यावर मधोमध लांबीच्या दिशेने मऊ बटरची एक बारीक रेघ ओढा, किंवा तेलात बुडवलेल्या सुरीने चीर द्या. वरची कवची आतला भाग फुगून व्हायच्या आधी घट्ट होते, त्यामुळे ती कुठेतरी फुटणारच. रेघ असली की नेमकी तिथे फुटते आणि भेग सरळ येते. ५५ मिनिटांनंतर तपासायला लागा, बहुतेक वेळा ६० ते ६५ मिनिटं लागतात. चाळीस मिनिटांतच वरून गडद झाला तर फॉइलचा तुकडा सैलसर झाका. टिनमध्ये दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा, नाहीतर वाफ तळाशी जिरते.

सोडा आणि पावडर यांच्याबद्दल नेहमी विचारलं जातं, म्हणून थोडं सविस्तर. सोडा हा अल्कली, त्याला काम करायला आम्ल लागतं. केळं आंबट लागत नसलं तरी त्याचा पीएच साधारण ५ असतो, म्हणजे ते सौम्य आम्लधर्मी आहे. ब्राउन शुगरही थोडी आम्लधर्मी. एक चमचा सोड्याला मात्र हे आम्ल पुरतं पडत नाही, थोडा सोडा शिल्लक राहतो. त्याचा उपयोगही आहे. मिश्रण किंचित अल्कधर्मी झालं की प्रथिनं आणि साखर यांची मेलार्ड प्रक्रिया जोरात होते आणि बनाना ब्रेडचा तो खोल तपकिरी रंग, तो खरपूस वास येतो. नुसत्या बेकिंग पावडरवर केलेला ब्रेड फुगतो छान, पण फिकट राहतो आणि चवीला केकच्या जवळ जातो. उलट सोडा दीड-दोन चमचे घातला तर साबणासारखी चव येते आणि आतून काळपट-जांभळी झाक दिसते. केळ्यातली पॉलिफिनॉल अल्कधर्मी मिश्रणात अशी रंग बदलतात. जांभळट ब्रेड बघून केळी खराब होती असं समजून लोक तो टाकून देतात, दोष सोड्याच्या चमच्याचा असतो. आणि मिश्रण तयार करून अर्धा तास ओट्यावर ठेवू नका. सोडा ओलं लागताच वायू सोडायला लागतो, ओव्हनपर्यंत पोचेस्तोवर दम संपतो.

बटर की तेल, यात मी तेलाच्या बाजूने आहे. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश, बाकी मुख्यतः पाणी, आणि ते थंडपणी घट्ट होतं. तेल द्रवच राहतं, म्हणून तेलाचा ब्रेड चौथ्या दिवशीही मऊ लागतो. बटरची चव पहिल्या दिवशी उजवी ठरते हे मान्य. खायला माणसं जास्त असतील आणि दिवसभरात संपणार असेल तर बटर घ्या.

अंडं नको असेल तर लोक आणखी एक केळं घालतात. ते करू नका. अंडं जाळीला आधार देतं, केळं फक्त ओलावा देतं, आणि तुमची मूळ अडचणच ओलाव्याची आहे. दोन अंड्यांऐवजी १२० ग्रॅम घट्ट दही घ्या, सोड्याबरोबर अर्धा चमचा बेकिंग पावडर घाला आणि भाजायचा वेळ पाच-दहा मिनिटं वाढवा. फोड थोडी ठिसूळ येते, पूर्ण गार झाल्यावरच कापा. कणीक वापरायची असेल तर निम्मी-निम्मी करा. कोंडा पाणी शोषतो पण हळूहळू, म्हणून मिश्रण टिनमध्ये ओतण्यापूर्वी पाच मिनिटं थांबलात तर चालेल, त्याहून जास्त नको. अक्रोड घालणार असाल तर आधी १७५ अंशांवर आठ मिनिटं भाजून घ्या, कच्चे अक्रोड ओल्या मिश्रणात मऊ आणि किंचित कडवट लागतात.

आता घरच्यांच्या म्हणण्याकडे.

हा नवशिक्यांचा पदार्थ आहे यात चुकीचं काही नाही. यीस्ट नको, फेटायचं यंत्र नको, पीठ मळायचं कौशल्य नको. पण बेकिंगमध्ये बाकी सगळं आपण ठरवून करतो. आज केक करायचा म्हटलं की सामान आणतो. बनाना ब्रेडची वेळ केळी ठरवतात. ओट्यावर ती काळी पडतात आणि आज नाही तर उद्या टाकावी लागणार असतात. जिन्नस थांबायला तयार नाही म्हणून ओव्हन लावावा लागतो, असे पदार्थ फार थोडे. त्याचा इतिहासही असाच आहे.

केळं नाशवंत, त्यामुळे थंड प्रदेशांत ते सर्रास मिळू लागलं ते आगबोटी आणि शीतगृहं आल्यावर. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात केळं अजून नवलाईचं फळ होतं. तिकडे फुगवण्याची पूड स्वतंत्रपणे घडत होती. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड या औषधशास्त्रज्ञाच्या पत्नीला यीस्ट सोसत नव्हतं, तिच्यासाठी त्याने १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. अमेरिकेत १८४६ पासून जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च सोडा पुड्यांत भरून विकायला लागले. पुढे घरोघरी ओव्हन आले आणि यीस्टशिवाय होणाऱ्या ‘क्विक ब्रेड’चं एक कुटुंबच तयार झालं. १९३० च्या दशकात, महामंदीच्या काळात, अमेरिकी पाककृती-पुस्तकांत बनाना ब्रेड ठळकपणे दिसू लागला. घरात पैसा कमी, काळं पडलेलं केळंही टाकवत नाही आणि कपाटात सोडा आहे. त्या स्वयंपाकघरांतल्या बायकांनी हा पदार्थ घराघरांत रुजवला. मला तो आवडतो त्यात या गोष्टीचा मोठा भाग आहे.

इथे पुन्हा केळं आडवं येतं. त्या बायकांच्या हातात असलेलं केळं आपल्याला बाजारात दिसणाऱ्या केळ्याहून वेगळं होतं. तेव्हा निर्यातीचं मुख्य वाण ग्रो मिशेल. बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि १९५० ते ६० च्या दशकांत त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. म्हणजे जुनी पाककृती जशीच्या तशी उतरवून घेतली तरी ती ज्या फळासाठी लिहिली होती ते फळ आता सहसा मिळत नाही. वजन करा, चाखून बघा आणि मग साखर ठरवा, असं मी म्हणते ते या अनुभवानेही.

२०२० मध्ये जगभर लोक घरांत अडकले तेव्हा अनेक ठिकाणी यीस्ट मिळेनासं झालं, आणि कधीही ओव्हन न लावलेल्या माणसांनी बनाना ब्रेड केला. त्या काळात मला आलेल्या शंकांपैकी निम्म्या याच पदार्थाच्या होत्या. किती जणांची सुरुवात तिथे झाली आणि पुढे ते पाव, केक, बिस्किटं करू लागले, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे.

नाव ‘ब्रेड’ असलं तरी घडणीने हा केकच. लोफ टिनमध्ये भाजतात आणि फोडी कापून खातात, म्हणून ब्रेड. पण साखर, स्निग्धांश आणि सैल मिश्रण यांनी तो केकच्या घरात बसतो. त्यामुळे इथे शिकलेलं दोन्हीकडे कामाला येतं. पाव शिकायला जाल तेव्हा ग्लुटेन कशाने वाढतं हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, कारण इथे तुम्ही ते टाळायला शिकलात. पुढे काय करावं असं विचाराल तर आधी याच मिश्रणाचे मफिन करा. आकार बदलला की वेळ आणि तापमान कसं बदलतं ते कळतं. त्यानंतर बटर आणि साखर हलकी होईपर्यंत फेटून केलेला साधा बटर केक. तिथे सोड्याइतकीच हवा तुमच्या हाताने भरायची असते. मग यीस्ट.

एक राहिलं, साठवण. ज्या दिवशी भाजाल त्या दिवशी कापायचा मोह आवरता आला तर आवरा. पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून रात्रभर ठेवला की मधला ओलावा कडेपर्यंत पसरतो, कवची नरम पडते आणि केळ्याची चव उघडते. दुसऱ्या दिवशीची फोड ही खरी फोड. बाहेर दोन-तीन दिवस चांगला राहतो, हवा दमट असेल तर त्याहून कमी. फ्रीजमध्ये ठेवू नका, त्या तापमानाला स्टार्च लवकर कडक होऊन ब्रेड शिळा लागतो. जास्त दिवस ठेवायचा तर फोडी करून, मधे बटर पेपर घालून सरळ फ्रीझरमध्ये. हवी तेव्हा एक काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करा.

पाचवा ब्रेड करताना गराचं वजन, केळ्याच्या सालीची अवस्था, मैद्याचं वजन आणि ओव्हनमधून काढताना मध्यभागी किती अंश होते, एवढं कागदावर टिपून ठेवा. तरीही तळाशी थर बसला तर ती टिपणं मला पाठवा. टिनची मापंही आतल्या बाजूने घेऊन लिहा, तळाची आणि वरच्या काठाची वेगवेगळी.